मीटरच्या टोपणातलं गोडं पाणी

आमच्या घरी मासे आले ते अव्वांसाठी. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला, त्यामुळं आमच्या घरात आईला अव्वाच म्हणतात. सासरे गेल्यावर त्यांचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. सकाळी लिंगपूजा, कपाळाला विभूती, मी क्लासला निघायच्या आत ज्वारीच्या भाकरी, आणि मग दिवसभर पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसणं. मी लातुरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. सकाळची बॅच, दुपारची बॅच, संध्याकाळी मुलांच्या शंका. नवरा बँकेत, आणि त्या काळात त्याची बदली हिमायतनगरला झालेली. नांदेडला एसटी बदलून तो दोन आठवड्यांतून एकदा घरी यायचा. आम्हाला मूलबाळ नाही. घरात अव्वा दिवसभर एकट्या.

एका शनिवारी नवरा टेम्पोतून काचेची मोठी टाकी घेऊन आला. कॉलेजात असताना त्याला मासे पाळायचा नाद होता. टाकी पुढच्या खोलीत, अव्वा बसायच्या त्याच्या बरोबर समोर ठेवली. त्यात चार डिस्कस सोडले. हे मासे ताटलीसारखे गोल आणि चपटे असतात, अंगावर निळ्या-तांबूस रेघा. पहिले काही दिवस अव्वांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "जित्या जिवाला काचंत कोंडायचं कशाला," एवढंच म्हणाल्या.

पुढं महिनाभरानं मी दुपारी घरी आले तर अव्वा टाकीपाशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात मनगटापर्यंत पाण्यात, आणि एक मासा त्यांच्या बोटांतून दाणे घेत होता. त्या त्याच्याशी कानडीत बोलत होत्या. "बा, बा, ऊटा माडु." ये, ये, जेव. सासरे गेल्यानंतर त्यांच्या तोंडून मी कानडी पहिल्यांदा ऐकली. मी दारातच थांबले आणि चपला न वाजवता काढल्या.

डिस्कस फार नाजूक जात. त्यांना मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी लागतं, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यावर पांढरे थर चढायचे. त्यामुळं फिल्टरचं पाणी आणि बोअरचं पाणी ठरावीक प्रमाणात मिसळून टाकीत घालावं लागे, आणि ते प्रमाण जमलं की नाही हे बघायला नवऱ्यानं पीएच मीटर आणलं होतं. जाड पेनासारखं यंत्र, वर आकडे दाखवणारी छोटी पट्टी, खाली काचेचा नाजूक बल्ब असलेला प्रोब. टोपणाच्या आत थोडं द्रावण, त्यात तो बल्ब कायम बुडालेला.

मी कित्येक वर्षं मुलांना फळ्यावर या काचेच्या इलेक्ट्रोडची आकृती काढून दाखवत आले होते, पण घरात असं यंत्र हाताळण्याची वेळ पहिलीच. फळ्यावर ते सोपं असतं. हातात आलं की त्याचे लाड करावे लागतात. आधी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घेऊन त्यात पुडीतली पावडर विरघळवायची. एका पुडीचं द्रावण ६.८६ चं, दुसरीचं ४.०१ चं. प्रोब धुवायचा, टिश्यूनं नुसता टिपायचा, पुसायचा नाही. पहिल्यांदा ६.८६ मध्ये बुडवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि बटण दाबून मीटरला ते पटवायचं. मग परत धुऊन ४.०१ मध्ये. दोन्हीकडं बरोबर बोललं तर मीटर ठीक. वापरून झालं की टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण, म्हणजे एक प्रकारचं मिठाचंच पाणी, भरून ठेवायचं. प्रोब कोरडा पडला की गेला.

नवरा हे सगळं पुढच्या खोलीत टीपॉयवर मांडून करायचा. अव्वा बघायच्या, पण विचारायच्या नाहीत. आम्हीही कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी आधीचे दोन पावसाळे कोरडे गेलेले. थंडी सरता सरता आमच्या बोअरला आधी गढूळ, मग खारट पाणी येऊ लागलं, आणि एक दिवस मोटार नुसतीच घोंगावत राहिली. नळाचं तर नावच नको. टँकर आला की गल्लीत आरडाओरडा व्हायचा, आणि सगळ्या बाया घागरी, कॅन, टिपाडं घेऊन पळायच्या. वसतिगृहं रिकामी होऊ लागली. बाहेरगावची मुलं क्लास अर्धवट सोडून घरी निघाली. माझ्या दुपारच्या बॅचला मागचे बाक मोकळे दिसायला लागले. पुढं शहराला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन आली. आमच्या गल्लीपर्यंत त्यातलं किती पोचलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

अव्वा रांगेत उभ्या राहायच्या. मी नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. एकदा रांगेत कुणीतरी म्हणालं की उदगीर आता वेगळा जिल्हा होणार, मग तरी तिकडं सुधारणा होईल. अव्वा एकदम बोलल्या, "लातूर जिल्हा झाला तवा मी नवी नवरी व्हते. गुलाल उधळला, पेढे वाटले. हे म्हणले, आता बघ, घरोघरी नळ येतेत. नळ आले की. पाणी कुटं हाय?"

रांगेतल्या बाया हसल्या. शेजारच्या वहिनी हसल्या नाहीत. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, ड्यूटीवरून येऊन तशाच पांढऱ्या साडीत रांगेला लागलेल्या. घरी दोन मुली, आजारी सासरे. आमचं त्यांच्याशी चांगलं होतं, विरजणापासून कढीपत्त्यापर्यंत देवाणघेवाण होती. पण त्या दिवशी त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मॅडम, एक बोलू का? तुमच्या घरात एवढं पाणी काचंत उभं हाय, अन् आमी इथं घागरीसाठी भांडून राहिलो. मला तर बगवत न्हाई."

 अव्वा म्हणाल्या, "ते पेयाचं पाणी न्हाई ग बाई, माशाचं हाय."

"मावशी, पेयाचं नसंल. पण माझ्या सासऱ्याचं अंथरूण धुवायला तर चाललं असतं ना."

 मी रात्री नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं आणि म्हटलं, मासे कुणाला तरी देऊन टाकू. तो म्हणाला, "कुणाला देणार? सगळ्या लातुरात कोण घेईल आत्ता? आणि अव्वाचं काय?" मग असं ठरलं की टाकीचं पाणी बदलायचंच नाही. आटेल तेवढं विकतच्या जारमधलं थोडं थोडं घालायचं. मी वहिनींच्या डोळ्याला डोळा न देता जिन्यावरून जायला लागले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. टाकीतलं पाणी बदललं नाही तर ते हळूहळू आंबट होत जातं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, पण पाणी आंबट असेल तर तो दबलेल्या, कमी घातक रूपात राहतो. मासे त्यात कसेबसे तगतात. अशा पाण्यात एकदम अल्कधर्मी पाणी ओतलं, तर तोच अमोनिया विषारी होऊन उठतो. मला हे माहीत होतं. नवऱ्यालाही माहीत होतं. म्हणून तर मीटर होतं. मी एक दिवसाआड प्रोब टाकीत बुडवायची, आणि मीटर दर वेळी ६.९ दाखवायचं. कधी ६.८. मला वाटायचं, चला, एवढ्या सगळ्यात निदान हे तरी ताळ्यावर आहे.

मार्चअखेरची कामं उरकून नवरा शनिवारी आला तो हातात दोन मोठे कॅन घेऊन. नांदेडला माझी नणंद राहते. तिच्याकडं तेव्हा नळाला अजून पाणी येत होतं. तिच्या घरून त्यानं पाणी भरून, क्लोरीन उडावा म्हणून उघडं ठेवून, मग एसटीतून लातूरपर्यंत आणलं होतं. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, डिझेल आहे का? यानं पाणी म्हटल्यावर शेजारचा म्हातारा म्हणाला होता, "लातूरला पाणी घिऊन चाललाव? लई पुण्य लागंल बगा." माशांसाठी आहे हे त्याला सांगायची छाती झाली नाही, असं नवरा हसत म्हणाला. त्याचे खांदे दुखत होते. अव्वांनी त्याला तेल चोळून दिलं. त्या दिवशी त्या खूश होत्या, दोनदा उठून कॅनचं झाकण उघडून बघून आल्या.

रविवारी सकाळी त्यानं मीटर तपासलं. ४.०१ ची पुडी संपली होती, म्हणून फक्त ६.८६ मध्ये बुडवून घेतलं. आकडा थोडा इकडंतिकडं होता, बटण दाबलं, बरोबर ६.८६ आला. मग टाकीत बुडवलं, ६.९. नांदेडच्या पाण्यात बुडवलं, तिथंही ७.० च्या आसपास. "बघ," तो म्हणाला, "दोन्ही सारखंच. निर्धास्त घालू." दोन्ही कॅन त्यानं टाकीत ओतले. अव्वा बाजूला उभ्या राहून मासे कसे उसळतात ते बघत होत्या.

दुपारी जेवणं झाली तेव्हा मासे काळवंडले होते. डिस्कस घाबरला की काळा पडतो. मग ते वर आले आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करू लागले. जो अव्वांच्या हातून खायचा तो सर्वांत मोठा, तो आडवा झाला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा आडवा झाला.

"काय होऊन राहिलं रे त्यांना?" अव्वा म्हणाल्या.

नवऱ्यानं मीटर बुडवलं. ६.९.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि एका वाटीत लिंबू पिळून आणलं. लिंबाच्या रसात प्रोब घातला की आकडा धाडकन दोन-अडीचवर यायला हवा. तो ६.९ वरून ६.८ झाला, मग बऱ्याच वेळानं ६.७, आणि तिथंच बसला.  मीटर कशातही घाला, सातच्या जवळचंच काहीतरी सांगत होतं. एकाच द्रावणात तपासलं म्हणून ते पकडलं गेलं नव्हतं.

नवऱ्यानं टोपण उघडून वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. "हे तर साधं पाणी आहे. द्रावण कुठं गेलं?"

अव्वा म्हणाल्या, "त्यात मी चांगलं पाणी घालत व्हते की."

"काय?"

"ते पांढरं मीठ जमत व्हतं टोपणाला, बोअरच्या पाण्यानं भांड्याला जमतंय तसं. मला वाटलं खाऱ्या पाण्यानं खराब हुईल. म्हणून रोज धुवायची अन् जारचं गोडं पाणी घालायची. माझ्या पेल्यातलं. जास्त न्हाई, चमचाभर."

अव्वांना हे सांगताना काहीच गैर वाटत नव्हतं. उलट चेहऱ्यावर मुलानं शाबासकी द्यावी अशी किंचित वाट बघणं होतं. ते मला अजून दिसतं.

नवरा ओरडला. मी त्याला आईवर तसं ओरडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. "अव्वा, तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? तेच पाणी तर त्याला मारतं! सगळं वाटोळं केलंस!" त्यानं मीटर टीपॉयवर आपटलं. सुदैवानं बल्ब फुटला नाही.  अव्वांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि भिंतीपाशी आपल्या जागी जाऊन बसल्या.

मासे वाचवायचे तर टाकीतलं निम्मं पाणी काढून आम्लही नाही आणि अल्कही नाही असं स्वच्छ पाणी घालायला हवं होतं. घरात तसं एकच पाणी होतं, त्या दिवशीचा पिण्याचा जार. मी नवऱ्याकडं पाहिलं, तोही जारकडंच बघत होता. तेवढ्यात भिंतीपासून आवाज आला, "घाला. मला न्हाई लागायचं."

आम्ही तो जार टाकीत ओतला. काढलेलं पाणी बादल्यांत भरलं. ते दाराबाहेर ठेवताना वहिनी जिन्यावर उभ्या होत्या. त्यांनी ओरडणं ऐकलं असणार. आत डोकावून त्यांनी अव्वांकडं पाहिलं, टाकीकडं पाहिलं, रिकाम्या जारकडं पाहिलं, आणि घरात गेल्या. थोड्या वेळानं एक घागर घेऊन आल्या आणि आमच्या ओट्यावर ठेवली.

"मॅडम, हे माणसांसाठी हाय," त्या म्हणाल्या. "माशाला घालायचं न्हाई. मावशीला पाजा."

"नाही घालत," मी म्हटलं.

"अन् ते बादलीतलं मला द्या. धुण्याला घेते."

त्या दोन्ही बादल्या घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत दोन मासे मेले होते. त्यातला एक अव्वांचा. नवऱ्यानं त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या बाजूला पुरलं. अव्वांनी वहिनींच्या घागरीतलं पाणी प्यायलं, पण जेवल्या नाहीत. सोमवारी पहाटेच्या गाडीनं नवरा निघाला. दारातून "येतो" म्हणाला. अव्वा नेहमी "शिवशिवा, नीट जा" म्हणतात. त्या दिवशी नुसती मान हलवली.

क्लासमध्ये मी प्रयोगशाळेतून पोटॅशियम क्लोराइड मागून घेतलं आणि तिथंच घट्ट द्रावण करून बाटलीत भरून आणलं. ४.०१ ची पुडीही मिळाली. घरी आल्यावर प्रोब द्रावणात बुडवून ठेवला. अशा प्रोबच्या आत क्षारांचं द्रावण असतं. बाहेर शुद्ध पाणी असलं की आतले क्षार हळूहळू बाहेर झिरपतात आणि काच बहिरी होते. ते भरून यायला वेळ लागतो, आणि कधी येतही नाही. दुसऱ्या दिवशी मी लिंबात घालून बघितलं तर आकडा पाचपर्यंत आला. तिसऱ्या दिवशी चारच्या खाली.

मी टीपॉयवर हे करत असताना अव्वा जवळ येऊन बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगल्या पाण्यानं कसं काय खराब झालं? मला सांग."

मी सांगितलं. वर्गात सांगते तसं नाही, लोणच्याच्या बरणीचं उदाहरण देऊन. कैरीच्या फोडी मिठात असल्या तर टिकतात, साध्या पाण्यात ठेवल्या तर त्यांचं मीठ निघून जातं आणि त्या बिघडतात. अव्वांनी ऐकून घेतलं.

"मंग हे मला आधी कामून सांगितलं न्हाई?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दोन वरीस झाली, माझ्या डोळ्यापुढं हे करता तुमी. म्हातारीला काय कळतंय म्हणून ना? तो वरडला. मला वरडला. माझं चुकलं म्हणून मी ऐकून घेतलं. पर मला ठावं कसं असणार?"

त्या रडत नव्हत्या. मला मात्र रडू यायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून मी बाटलीचं झाकण लावत बसले.

"आता दाखीव," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सगळं दाखवलं. प्रोब धुणं, टिपणं, आधी ही वाटी, मग ती वाटी. इंग्रजी आकडे त्यांना फोनमुळं येत होते. वापरलेलं द्रावण परत बाटलीत ओतायचं नाही म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही. चमचाभर का होईना, टाकवत नव्हतं. "ह्या दिवसांत?" असं म्हणून त्यांनी ते दुसऱ्या एका वाटीत जमा करून ठेवलं.  पहिल्या खेपेला मी त्यांचा हात धरून दाखवलं. पुढच्या खेपेला त्यांनी मला बाजूला सारलं.

एप्रिल अर्ध्यावर आला. उरलेले दोन मासे जिवंत होते, पण खायला तोंड लावत नव्हते. टँकर आठवड्यावर गेला. वहिनी रजा टाकून मुलींना घेऊन माहेरी निघून गेल्या, घरात सासरे आणि त्यांचा एक पुतण्या राहिले. एके सकाळी पूजा झाल्यावर अव्वा मला म्हणाल्या, "ह्या माशांना नांदेडला पोरीकडं नेऊ. हितं ह्यांचं खरं न्हाई." मग म्हणाल्या, "अन् मीबी थोडे दिवस ऱ्हाईन तिकडं. माझ्या वाटचं पाणी तुला हुईल."

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

नणंदेकडं एक छोटी टाकी आणि फिल्टर यांची सोय आधी करून घेतली. आम्ही मासे झाकणाच्या बादलीत घातले, बादली थर्माकोलच्या खोक्यात ठेवली आणि सकाळची एसटी धरली. अव्वा खिडकीशी, खोकं दोघींच्या पायांत, मीटर त्यांच्या पिशवीत, रुमालात गुंडाळून. लातूर मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती ढेकळं. बाभळीखाली गुरं उभी होती. अव्वा मधून मधून झाकण उचलून बघायच्या. पुढच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "काय हाय त्यात?" अव्वा म्हणाल्या, "मासे." त्या बाईनं अव्वांच्या कपाळावरच्या विभूतीकडं बघितलं, मग खोक्याकडं बघितलं, आणि तोंड वळवलं. बिचारीला वाटलं असेल, विभूती लावणारेही मासे खातात, काय दिवस आले.

नांदेडच्या स्टँडवर नवरा आला होता. हिमायतनगरहून खास रजा काढून. त्यानं खोकं उचललं आणि पुढं चालायला लागला. मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. रिक्षात मी मधे बसले.

नणंदेच्या घरी पोचल्यावर त्यानं लगेच बादलीत नळाचं पाणी घालायला घेतलं. अव्वा म्हणाल्या, "थांब." पिशवीतून त्यांनी मीटर काढलं, दोन वाट्या मागितल्या, बाटल्यांतली द्रावणं ओतली. नवरा उभाच राहिला. अव्वांनी प्रोब धुतला, पदराच्या टोकानं टिपायला गेल्या, मग थांबून टिश्यू मागितला. ६.८६. बटण. धुणं. ४.०१ ला आकडा सावकाश उतरला, पण उतरला. मग त्यांनी प्रोब नळाच्या पाण्यात घातला आणि चष्मा वर करून वाचलं, "आठ पाइंट एक." बादलीतल्या पाण्यात घातला. "पाच पाइंट सात."

नवरा खाली बसला. "एवढा फरक?" तो हळू आवाजात म्हणाला. लातूरला त्या रविवारी काय झालं असणार ते त्याला पहिल्यांदाच आकड्यात दिसलं होतं.

"थेंबथेंब घाल," अव्वा म्हणाल्या. "घाई करू नगंस."

त्यानं सलाइनची नळी आणून बादलीवर बांधली. आधी आंबट पाणी बरंचसं काढून फिल्टरचं मऊ पाणी घातलं, मग नळाचं थेंबाथेंबानं सोडलं. दुपारभर मायलेक त्या बादलीच्या दोन बाजूंना बसून होते. मी आणि नणंद आत स्वयंपाक करत होतो. बाहेरून फक्त आकडे ऐकू यायचे. "सहा." बऱ्याच वेळानं, "सहा पाइंट तीन." मग नवऱ्याचा आवाज, "अव्वा, चहा घेतेस का?" आणि अव्वांचा, "आण."

क्षमेचा शब्द तो बोलला की नाही, मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही.

त्या दोन माशांतला एक तिथं आठवड्यात मेला. दुसरा जगला. तो खायला लागल्याचं अव्वांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी टँकरच्या रांगेत उभी होते, आणि गलक्यात मला दोनदा विचारावं लागलं. त्या उन्हाळ्यात आमचं घर तीन गावांत वाटलं गेलं, नवरा हिमायतनगरला, अव्वा नांदेडला आणि मी लातूरला. रिकामी टाकी मी धुऊन घेतली आणि तिच्यात वापरायचं पाणी भरून ठेवायला लागले. वहिनींचे सासरे जूनच्या आधीच गेले. त्यांच्या दिवसकार्याला मी दोन घागरी पाणी नेऊन दिलं. वहिनी म्हणाल्या, "ठिवा तिकडं." आमचं बोलणं पूर्वीसारखं व्हायला नंतर बरेच दिवस लागले.

पाऊस झाल्यावरही अव्वा लगेच आल्या नाहीत. नणंदेची मुलगी सोडत नाही म्हणाल्या, पण मला वाटतं त्यांनाच लातूरच्या त्या खोलीत यायचं धाडस होत नव्हतं. दिवाळीच्या जरा आधी नवरा त्यांना घेऊन आला. मासा नातीकडं ठेवून आल्या होत्या. मीटरचं मी विचारलं, तर म्हणाल्या, "गेलं ते. आकडा फिरेनाच. तुझी नणंद म्हणली, वरीस-दोन वरसात जातंच."

मग पिशवीतून त्यांनी फराळाचा डबा काढला, आणि बोअरला पाणी किती फुटावर आलंय ते विचारलं.